फर्मान, कायदा आणि सदसद्विवेक

कायदा आणि नीती या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे व्यवहारात प्रत्येकास ठाऊक असते. दिलेला शब्द मोडणे अनीतीचे खरे. तथापि प्रत्येक शब्दभंगाबद्दल कोणास न्यायालयात उभे केले जात नाही. उलट, रस्त्याच्या डाव्या बाजूने गाडी हाकण्यात स्वतंत्र असे काही पुण्य नाही, तरी तो नियम पाळावा लागतो. इथवर वाद नाही. वाद उत्पन्न होतो तो, कायदा जे करावयास सांगतो तेच करणे अधर्माचे होय असे विचारी मनुष्यास वाटू लागते तेव्हा. कौरवांच्या सभेत द्रौपदीने विचारलेला प्रश्न याच जातीचा होता. जो स्वतःसच हरून बसला, त्यास पत्नी पणास लावण्याचा अधिकार उरतो काय, हा प्रश्न वरकरणी द्यूताच्या नियमांविषयीचा. पण त्याच्या पोटात दुसरा प्रश्न दडलेला होता. नियमास धरून घडलेली गोष्ट केवळ तेवढ्यामुळे न्याय्य ठरते काय? भीष्मांसारख्या ज्ञात्यासही धर्माची गती सूक्ष्म आहे असे म्हणून स्वस्थ बसावे लागले. आणि त्या सभेतील स्वस्थ बसणे हाच पुढे सर्वांत मोठा दोष ठरला.

मराठवाड्याच्या गेल्या शतकातील इतिहासात हाच प्रश्न ग्रंथांतून उतरून गावच्या चावडीपर्यंत येऊन पोहोचला. आज ज्यास जालना जिल्हा म्हणतात तो प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात मोडत होता. स्वतंत्र जिल्हा म्हणून जालन्याची स्थापना १ मे १९८१ रोजी झाली. तत्पूर्वी जालना, अंबड, भोकरदन व जाफराबाद हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. जालन्याची बाजारपेठ जुनी व नावाजलेली. ‘जालना, सोनेका पालना’ ही म्हण तिच्याच भरभराटीवरून पडली. परंतु पेठ कितीही संपन्न असली तरी तेथील नागरिकास सार्वजनिक प्रश्नावर चार लोक जमवून बोलावयाचे झाल्यास ती गोष्ट त्याच्या हक्कातली नव्हती.

सातवे निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आले. संस्थानात कायदेमंडळ नावाची संस्था होती. पण लोकांनी निवडून दिलेल्या सभासदांचे तीत बहुमत नव्हते, आणि अखेरचा शब्द राजाच्या फर्मानाचा असे. फर्मानाखालोखाल खात्यांच्या परिपत्रकांचा, म्हणजे ‘गश्तीं’चा, अंमल चाले. त्यांतील १९२९ च्या सुमारास निघालेली त्रेपन्नाव्या क्रमांकाची गश्ती मराठवाड्यातील वृद्धांच्या तोंडी पुढे अनेक वर्षे राहिली. या गश्तीने पूर्वपरवानगीवाचून जाहीर सभा भरविण्यास मनाई केली. खासगी शाळा काढणे, आखाडा चालविणे या साध्या गोष्टींवरही परवान्याचे जोखड होते. याचा परिणाम असा झाला की, हैदराबाद संस्थानच्या प्रजेची राजकीय परिषद संस्थानच्या बाहेर भरू लागली. १९२३ साली काकीनाडा, १९२६ साली मुंबई, १९२८ साली पुणे आणि १९३१ साली अकोला, असा तिचा प्रवास झाला. आपल्या घराविषयी बोलण्यास शेजाऱ्याची ओसरी शोधावी लागावी, तशी ही स्थिती होती.

आता या गश्तीस कायदा म्हणावयाचे की नाही? जॉन ऑस्टिन या इंग्रज विधिशास्त्रज्ञाने १८३२ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत कायद्याची व्याख्या सार्वभौमाची आज्ञा अशी केली आहे. ती आज्ञा मोडणाऱ्यास शिक्षा होते, म्हणून ती कायदा. ती चांगली की वाईट हा प्रश्न निराळा. या कसोटीवर पाहिले तर त्रेपन्नावी गश्ती हा निःसंशय कायदाच होता. तीवर अधिकाऱ्याची सही होती, तिच्यामागे पोलीस होता आणि पोलिसामागे तुरुंग होता. ऑस्टिनच्या विवेचनाचा एक लाभ असा की, कायदा काय आहे आणि तो काय असावा या दोन प्रश्नांची त्याने गल्लत होऊ दिली नाही. पण कायद्याची ओळख पटल्यानंतरही नागरिकापुढे तिसरा प्रश्न उरतोच: तो पाळावयाचा की नाही?

या प्रश्नाचे पहिले उत्तर परतूरला मिळाले. जून १९३७ मध्ये काचीगुडा-मनमाड लोहमार्गावरील या गावी महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली भरले. संस्थानातील मराठी भाषिकांची ही पहिली मोठी संघटना. शिक्षण, भाषा, शेतकऱ्यांची स्थिती आणि नागरिकांचे हक्क हे तिच्या आस्थेचे विषय होते. आणि जाहीर सभेस परवानगीची अट असलेल्या राज्यात तिला त्या अटीच्या चौकटीतच वावरावे लागत होते. पुढे या चौकटीबाहेर पडलेल्या कित्येक माणसांनी आरंभ असा चौकटीच्या आत केला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही. कायदा मोडण्यापूर्वी कायद्याच्या दाराशी जाऊन ते ठोठावून पाहणे हे नीतीचेच पहिले कलम आहे.

त्याच वर्षी मराठी मुलखाच्या दुसऱ्या टोकाला याच प्रश्नाची उलटी बाजू प्रकट झाली. महाडच्या चवदार तळ्याचा खटला १७ मार्च १९३७ रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने निकालात निघाला. मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ सालीच बोले यांच्या ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे केले होते. महाडच्या नगरपालिकेनेही तसा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी आपल्या अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी प्राशन केले तेव्हा सनातन्यांनी त्यांच्यावर हल्ले चढविले. म्हणजे महाडास कायदा पुढे गेला होता आणि समाजाची रूढी, जिला तो समाज नीती समजत होता, मागे राहिली होती. परतूरला याच्या विपरीत: तेथे लोकांची न्यायबुद्धी पुढे होती आणि कायदा मागे. याहून बोधप्रद गोष्ट अशी की, १९२७ च्या डिसेंबरात डॉ. आंबेडकर पुन्हा महाडास गेले त्या वेळी दिवाणी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आडवा आला आणि त्यांनी तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला. हक्क त्यांच्या बाजूस होता, हजारो लोक पाठीशी होते. तथापि न्यायालयाचे दार उघडे होते आणि त्या दारातून निकाल मिळण्याची आशा होती. तो निकाल यावयास दहा वर्षे लागली, पण आला.

हैदराबाद संस्थानात असे दार नव्हते. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन करण्याचा विचार पुढे आला. उत्तरदायी राज्यपद्धती, तीही निजामाच्या छत्राखाली, एवढीच तिची मागणी होती. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, संस्था रीतसर स्थापन होण्यापूर्वीच, सरकारने तीवर बंदी घातली. जी संस्था जन्मासच आली नव्हती तिला अपराधी ठरविणारा हा हुकूम कायद्याच्या भाषेत बिनचूक असेल. पण दंड होण्यापूर्वी काही कृत्य घडलेले असावे, ही न्यायाची अगदी प्राथमिक अपेक्षाही त्याने पुरी केली नव्हती.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रह सुरू झाला. पहिल्या तुकडीचे नेतृत्व ज्यांनी केले ते गोविंदराव नानल, म्हणजे सोळा महिन्यांपूर्वी परतूरच्या अध्यक्षपदी असलेलेच गृहस्थ होत. त्यांच्या मागोमाग स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादेस, म्हणजे आजच्या अंबाजोगाईस, शिक्षक म्हणून आयुष्य घालविलेला हा संन्यासी मुले शिकविण्याचे सोडून बंदी मोडावयास निघाला, याचा अर्थ त्या काळच्या साध्या गृहस्थासही कळला. त्याच सुमारास औरंगाबाद व हैदराबाद येथील विद्यार्थ्यांनी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याच्या हक्कासाठी महाविद्यालयांतून काढून टाकले जाणे पत्करले.

या सत्याग्रहाची रीत पाहण्यासारखी आहे. तुकडीतील माणसे उघडपणे येत, आपण बंदी घातलेल्या संस्थेचे सभासद आहोत असे जाहीर करीत आणि अटक करून घेत. त्यांत लपवाछपवी नव्हती, पळ नव्हता, शिक्षेविरुद्ध कांगावाही नव्हता. चोर कायदा मोडतो तो स्वतःपुरता अपवाद मागतो. बाकी सर्वांनी कायदा पाळावा, अशीच त्याची इच्छा असते. सत्याग्रही मोडतो तो सर्वांसाठी, भर चौकात, आणि त्या भंगाचे मोल स्वतः चुकवितो. अथेन्सच्या न्यायालयाने अन्यायाने दिलेला मृत्युदंड सॉक्रेटिसाने पळून जाण्याची संधी असताही स्वीकारला, यातील मर्म हेच आहे. एखादा विशिष्ट हुकूम अमान्य करावा, पण कायद्याचे राज्य ही कल्पना अमान्य करू नये, हा तो भेद होय. म्हणूनच २४ डिसेंबर १९३८ रोजी हा सत्याग्रह थांबविणे चळवळीस शक्य झाले. आर्य समाज व हिंदू महासभा यांच्या लढ्याशी त्याची सरमिसळ होऊन त्यास जातीय रंग चढू नये, हा गांधीजींच्या सल्ल्यातील हेतू होता. कायदा मोडणाऱ्याने कोठे थांबावयाचे हेही जाणले पाहिजे, असा त्याचा इत्यर्थ.

येथे एक आक्षेप येतो आणि तो हलका नाही. प्रत्येकाने आपल्या विवेकास पटेल तो कायदा पाळावा व न पटेल तो मोडावा, असे म्हटल्यास राज्य चालणार कसे? विवेक तर सर्वांनाच आहे, आणि खात्री बाळगण्यात कोणीच कोणास हार जात नाही. १९४७–४८ साली या आक्षेपास रक्तमांसाचे रूप आले. रझाकारांचा नेता कासिम रझवी हा लातूरचा वकील होता. कायद्याचे पुस्तक त्याने वाचले होते आणि आपल्या पक्षाच्या न्याय्यतेविषयी त्यास तिळमात्र शंका नव्हती. त्याच्या अनुयायांनी खेडी लुटली, माणसे मारली. भारतात विलीन व्हावे असे लिहिणारे ‘इमरोज’ पत्राचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यावर खून पडला. संस्थानातील झगडा हिंदू आणि मुसलमान यांचा होता असे सरसकट समजणाऱ्याने या एका तरुण मुसलमान संपादकाचे मरण ध्यानात घ्यावे. खात्री दोन्हीकडे होती. भेद होता तो इतकाच की, एका बाजूच्या माणसाने आपल्या मताचे मोल स्वतःच्या प्राणाने दिले आणि दुसऱ्या बाजूने ते इतरांकडून वसूल केले. विवेकाच्या खरेपणाची याहून सोपी कसोटी सांगता यावयाची नाही.

मात्र ही कसोटी मुक्तिसंग्रामाच्या अंगासही लावली पाहिजे. जून १९४७ मध्ये निजामाने आपण स्वतंत्र सार्वभौम राहणार असे फर्मान काढले. १५ ऑगस्टला देश स्वतंत्र झाला त्याच दिवशी स्वामी रामानंद तीर्थ पुन्हा गजाआड गेले. त्यानंतर लढ्याचे रूप पालटले. शिंदीची झाडे तोडणे, करोडगिरीचे नाके मोडणे, लेव्हीचे धान्य नाकारणे येथपर्यंत १९३८ ची रीत ओळखू येते. पण रझाकारांचा अत्याचार वाढला तसे संस्थानच्या सरहद्दीवर कॅम्प उभे राहिले आणि कार्यकर्त्यांच्या हाती शस्त्रे आली. ३० जानेवारी १९४८ रोजी उमरीच्या सरकारी बँकेवर छापा घालण्यात आला. त्याच सायंकाळी दिल्लीस गांधीजींचा वध झाला. ज्यांनी त्यांच्या शब्दावर दहा वर्षांपूर्वी सत्याग्रह थांबविला होता त्यांच्याच चळवळीचे हे नवे रूप. हे करणाऱ्यांस दोष देणे आज घरी बसून सोपे आहे. गाव जळत असता माणसाने हात बांधून राहावे, असे कोणतीही नीती सांगत नाही. तरी एवढे खरे की, शस्त्र हाती घेतलेल्या माणसास सत्याग्रह्याचे सुरक्षित स्थान उरत नाही. चुकीचे मोल आता तो एकटा देत नाही, दुसऱ्यासही द्यावे लागते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य संस्थानात शिरले. औरंगाबाद पडले, जालन्याच्या आघाडीवर निजामी फौजेने नेटाचा प्रतिकार केला, पण १५ तारखेपर्यंत जालनेही सैन्याच्या हाती आले. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. जुना अंमल संपला होता आणि नवा अजून गावोगाव पोहोचला नव्हता. या मधल्या दिवसांत कायदा जवळजवळ नव्हताच. उरली होती ती केवळ नीती. ती सर्वत्र टिकली असे म्हणता येत नाही. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार प्रभृतींच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात हिंडून जो अहवाल सरकारास सादर केला त्यात पोलीस कारवाईच्या वेळी व नंतर सत्तावीस ते चाळीस हजार माणसे प्राणास मुकली असावीत, असा अंदाज आहे; त्यांत बहुतेक मुसलमान होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर व नांदेड या जिल्ह्यांस सर्वाधिक झळ लागली आणि औरंगाबाद जिल्हाही तीतून सुटला नाही. हा अहवाल कित्येक दशके अप्रकाशित राहिला व २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस पाहावयास मिळाला. त्याच अहवालात, आपल्या मुसलमान शेजाऱ्यांस घरात आसरा देऊन वाचविणाऱ्या हिंदूंचीही नोंद आहे. त्या शेजाऱ्यांपुढे कोणते कलम नव्हते, कोणाचा हुकूम नव्हता, आणि तसे न केल्याबद्दल त्यांस कोणी शिक्षाही करणार नव्हते. ऑस्टिनच्या व्याख्येस या कृतीत पकडण्याजोगे काहीच सापडणार नाही. परंतु मनुष्यसमाज अखेर कशाच्या आधारावर उभा असतो, याचे उत्तर त्या दारांआड होते.

मग प्रश्न आला तो पराभूतास कोणता न्याय द्यावयाचा याचा. जर्मनीत गुस्ताव रॅडब्रुख या विधिज्ञाने १९४६ साली असा विचार मांडला होता की, कायद्याचा अन्याय असह्य कोटीस पोहोचला म्हणजे त्याचे कायदेपण गळून पडते. पण अन्याय्य कायद्यांचा अंत झाल्यावर नव्या राज्याने स्वतः कसे वागावे, ही कसोटी त्याहून कठीण आहे. कासिम रझवीवर खास न्यायाधिकरणापुढे खटले चालले. त्यास शिक्षा झाली. संविधान अमलात आल्यानंतरही लष्करी अमलातील विशेष कार्यपद्धतीने चाललेला खटला समतेच्या मूलभूत हक्कास बाध आणतो, ही त्याची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली ऐकली. बहुमताने ती फेटाळण्यात आली; परंतु न्यायमूर्ती विवियन बोस व गुलाम हसन यांनी आपला विरोधी अभिप्राय नोंदविला. ज्याने दुसऱ्याचे हक्क पायदळी तुडविले त्याचेच हक्क अबाधित राहिले काय, याचा खल देशाच्या सर्वोच्च न्यायासनासमोर व्हावा आणि त्यावर न्यायाधीशांत मतभेद व्हावा, ही गोष्ट निजामी राज्यात संभवनीय नव्हती. शिक्षा भोगून रझवी १९५७ साली सुटला व पाकिस्तानात गेला.

या कथेतील दोन तारखा एकमेकींशेजारी ठेवण्याजोग्या आहेत. २३ नोव्हेंबर १९४९ रोजी निजामाने एक फर्मान काढून भारताचे संविधान आपल्या राज्यास लागू होईल असे जाहीर केले. फर्मानाच्या वर काहीतरी आहे, हे फर्मानानेच मान्य केले. दोनच दिवसांनी, २५ नोव्हेंबरला, संविधान सभेतील आपल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगितले की, घटनात्मक मार्ग बंद होते तोवर कायदेभंग व सत्याग्रह यांस बरेच समर्थन होते. ते मार्ग मोकळे झाल्यावर तसे समर्थन उरत नाही. महाडास मनाई हुकूम मानून दहा वर्षे निकालाची वाट पाहिलेल्या पुरुषाच्या तोंडचे हे मत आहे, म्हणून त्यास वजन आहे.

तथापि या वाक्यात राज्यकर्त्यांवरही तेवढेच ओझे आहे. मार्ग खरोखर मोकळा असला पाहिजे. सभेची परवानगी मागणाऱ्यास ती मिळाली पाहिजे, तक्रार घेऊन आलेल्यास न्यायालय वेळेवर भेटले पाहिजे, न जन्मलेल्या संस्थेस अपराधी ठरविण्याचा मोह सत्तेस आवरला पाहिजे. कायदा नीतीहून निराळा आहे हे खरे; पण लोक तो केवळ भयाने न पाळता आपला म्हणून पाळतील, एवढी न्यायबुद्धी त्यात असल्यावाचून तो टिकत नाही. आणि नागरिकाच्या बाजूने पाहता, ज्या दिवशी कायदा नसतो त्या दिवशीही शेजाऱ्यासाठी दार उघडणारा विवेक घरोघर शिल्लक असला पाहिजे. परतूरची परिषद, हैदराबादचा तुरुंग आणि १९४८ च्या सप्टेंबरातील ती अनाम घरे यांनी मराठवाड्यास शिकविलेला धडा असा दुहेरी आहे.